डिसेक्शन हॉलनंतरचा दीड तास

पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी संध्याकाळी जादा अ‍ॅनाटॉमी घ्यायची, असं मी विभागात बोलून दाखवलं तेव्हा पहिला प्रश्न आला तो खुर्च्यांचा. डेमो रूममध्ये खुर्च्या चाळीसेक, त्यातल्या काहींचे हात गेलेले, आणि बॅच दोनशेची. दुसरा प्रश्न, चावी कोणाकडे राहणार. शिकवणार काय, हे कोणी विचारलंच नाही. जादा वर्ग म्हणजे तेच लेक्चर पुन्हा, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. तेच लेक्चर पुन्हा घेण्यात मला तर काडीचा रस नव्हता.

मी नागपुरातल्या एका मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवते. आम्ही एमबीबीएसला होतो तेव्हा 'पहिलं वर्ष' दीड वर्षाचं असायचं. १९९७ च्या नियमांनी ते एका वर्षावर आलं. मग २०१९ च्या बॅचपासून क्षमताधारित अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात सुरुवातीला फाउंडेशन कोर्स, पहिल्या वर्षातच वॉर्डाची ओळख, रुग्णाशी बोलायचं कसं याचे तास. हे सगळं हवंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वेळ आटला म्हणून शरीर काही आटलं नाही. हाडं २०६ ती २०६च आहेत आणि कवटीच्या तळातली भोकंही कोणी बुजवलेली नाहीत.

शिवाय गर्दी. देह मिळतात ते १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टखाली आलेले बेवारस, नाहीतर लोकांनी स्वेच्छेने दान केलेले. दोन्ही मिळून जे येतात ते दोनशे मुलांना पुरवायचे. एका टेबलाभोवती वीस-पंचवीस जण उभे राहतात. पुढच्या दोघांच्या हातात फोर्सेप आणि स्काल्पेल, त्यांच्या मागची रांग खांद्यावरून डोकावते आणि तिसरी रांग मोबाइलवर अ‍ॅटलस उघडून बसते. पहिली रांग रोज तीच असते. वर्षाअखेरीला असा मुलगा सापडतो ज्याने अख्ख्या वर्षात एकही नर्व्ह, म्हणजे मज्जातंतूची दोरी, स्वतःच्या बोटांनी सोडवलेली नाही, आणि त्याला थिअरीत उत्तम गुण असतात.

देह टिकवणाऱ्या फॉर्मेलिनचा तर वेगळाच खेळ. पुस्तकात आर्टरी (धमनी) लाल, व्हेन (शीर) निळी, नर्व्ह पिवळी. टेबलावर तिन्ही मातकट. मुलं पहिल्या आठवड्यात गोंधळतात ती इथेच, आणि बरीचशी गोंधळलेलीच राहतात. त्यात नागपूरचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये हॉल तापला की वाफ जास्त सुटते, डोळ्यांतून पाणी येतं, आणि कूलर लावले तर त्यांच्या घरघरीत डेमोचं एक अक्षर मागच्या रांगेला ऐकू जात नाही.

आमच्या हॉलमधले अटेंडंट मामा गेली कित्येक वर्षं देह सांभाळतात. टाकीतून काढणं, टेबलावर ठेवणं, संध्याकाळी ओलं कापड पांघरणं, सगळं त्यांच्याकडे. एकदा मी वैतागून म्हटलं, "मामा, यांना साधी नर्व्ह ओळखू येत नाही." मामा म्हणाले, "कशी येईल मॅडम? पोट्टे डोळ्यानं पाहून राह्यले. बोटानं पाहा म्हणा नं." मग त्यांनी हातमोजा चढवला आणि काखेतल्या जुडग्यातून एकेक दोरी चिमटीत घेऊन फिरवून दाखवली. भरीव लागते, ओल्या सुतळीसारखी, ती नर्व्ह. दाबली की दबते, सोडली की पुन्हा गोल होते, ती आर्टरी. दबलेलीच राहते, चपटी, ती व्हेन. हे मलाही माहीत होतं, पण लेक्चरमध्ये ते मी एका वाक्यात सांगून पुढे जात असे. संध्याकाळच्या वर्गात काय करायचं ते मला तिथे उमगलं. हाताला जे करता येईल तेवढंच घ्यायचं, आणि ते झाल्यावर मुलं पुन्हा टेबलापाशी गेली पाहिजेत.

हे दुसरं कलम मी आधीच ठरवून टाकलं होतं, कारण पडद्याचा अनुभव ताजा होता. कॉलेजने भलंमोठं टचस्क्रीन टेबल घेतलं होतं, बोटाने त्वचा उतरवा, स्नायू उतरवा, अख्खा माणूस फिरवून पाहा. मुलं त्यावर तुटून पडली. मीही पडले, खोटं कशाला बोलू. पण त्यातल्या माणसाची प्रत्येक नर्व्ह पिवळीधमक आणि नाव चिकटवलेली. त्याच्यावर तरबेज झालेली मुलं हॉलमध्ये आली की पुन्हा मातकट जुडग्यापुढे उभी, आणि आता वर हा समज की आपल्याला येतं. तो समज काढायला जास्त वेळ गेला. त्या टेबलाचा खरा उपयोग मला पुढे सापडला, तो सांगते.

सुरुवात ब्रॅकियल प्लेक्ससपासून, म्हणजे हाताला जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्यापासून केली, कारण पहिल्या वर्षातली पहिली धास्ती तीच. मानेतून निघणारी पाच मुळं, सी५ ते टी१ (सी मानेची, टी छातीचं). त्यांची तीन खोडं, प्रत्येक खोडाचे दोन फाटे, मग तीन कॉर्ड, आणि शेवटी हाताकडे जाणाऱ्या पाच मोठ्या नर्व्ह. फळ्यावर मी हे आयुष्यभर काढत आले आहे. मुलं ते चित्र वहीत उतरवतात, परीक्षेत परत काढतात, आणि टेबलावर काखेत बोट घातलं की चित्राचा आणि काखेचा काही संबंध लागत नाही.

इतवारीतून पाच रंगांची नायलॉनची दोरी आणली. डेमो रूमच्या खुर्च्या भिंतीला लावल्या, त्यामुळे खुर्च्यांचा प्रश्न आपोआपच मिटला. पाच जणं एका भिंतीशी उभी केली, प्रत्येकाच्या हातात एक मूळ. सी५ आणि सी६ च्या दोऱ्या एका मुलीच्या मुठीत, ती झाली वरचं खोड. सी७ एकटाच, मधलं खोड. सी८ आणि टी१ मिळून खालचं. इथवर हसत-खिदळत झालं. खोडांनी पुढे आणि मागे असे दोन-दोन फाटे सोडायचे म्हटल्यावर गुंता सुरू झाला. तिन्ही मागचे फाटे एकत्र येतात आणि पोस्टेरिअर कॉर्ड होते. वरच्या आणि मधल्या खोडाचे पुढचे फाटे मिळून लॅटरल कॉर्ड, आणि खालच्या खोडाचा पुढचा फाटा एकटाच पुढे जाऊन मीडिअल कॉर्ड. "अरे तू मागचा आहेस नं बे, पुढून काऊन जाऊन राह्यला?" असा आरडाओरडा चालला होता आणि मी मुद्दाम गप्प बसले होते. दोन मुलं चुकीच्या बाजूने वाकून गेली, दोऱ्यांचा पीळ पडला, तो त्यांनीच सोडवला.

मध्ये एका उंच मुलाला लाल ओढणी गुंडाळून उभा केला होता, तो अ‍ॅक्सिलरी आर्टरी, काखेतली धमनी. लॅटरल आणि मीडिअल कॉर्डमधून एकेक दोरी निघून त्याच्या पुढ्यात आली आणि मीडियन नर्व्ह तयार झाली. त्या दोन दोऱ्यांनी तो मुलगा जवळजवळ मिठीत सापडला, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, हा तर एम दिसतो!" पुस्तकात लिहिलेलं असतं ते, की मस्क्युलोक्युटेनिअस, मीडियन आणि अल्नर मिळून आर्टरीपुढे इंग्रजी एमचा आकार होतो. वाचलेलं सगळ्यांनी होतं.

मग खरी मजा. "सी५, सी६, हात सोडा." दोघांनी दोऱ्या टाकल्या. आता बघा कोणाची दोरी ढिली पडली. मस्क्युलोक्युटेनिअस लोंबली, अ‍ॅक्सिलरी लोंबली. म्हणजे खांदा बाजूला उचलता येणार नाही, कोपर वाकवता येणार नाही, हात आत वळून तळवा मागे जाईल. एक मुलगा तसा हात करून उभा राहिला आणि सगळ्यांना तो ओळखीचा वाटला, कारण हे चित्र एर्ब्स पाल्सीच्या पानावर असतंच. बाळंतपणात बाळाचा खांदा अडकला आणि मानेवर ताण आला, की हेच होतं. बाइकवरून खांद्यावर आपटणाऱ्या माणसाचंही तेच. नागपूरच्या रस्त्यांवर दुचाकी चालवणाऱ्यांना दुसरं उदाहरण समजावून सांगावं लागत नाही. खाली सी८-टी१ सोडले तर हाताच्या पंजातले बारीक स्नायू जातात आणि बोटं नखीसारखी वाकतात, क्लॉ हँड. तेही त्यांनी करून पाहिलं. कोणती नर्व्ह गेली म्हणजे काय जातं, हे पाठ करायचं कोष्टक मी त्या वर्षी दिलंच नाही. दोरी सोडा आणि बघा, एवढंच.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये एक टेबल मला हाका मारत होतं. "मॅडम, आमच्या बॉडीत मस्क्युलोक्युटेनिअसकडून मीडियनला एक फांदी येऊन राह्यली. आमचं चुकलं का?" चुकलं नव्हतं. हा बऱ्यापैकी आढळणारा फरक आहे, आणि तो पडद्यावरच्या माणसात कधीच दिसणार नाही, कारण तो माणूस एकच आहे. टेबलावरचा प्रत्येक देह वेगळा. ती फांदी पाहायला बाकीची टेबलं जमा झाली. माझ्या दृष्टीने त्या दिवशी जादा वर्गाचं काम झालं होतं.

हृदयासाठी मटणवाल्याकडे गेले. आमच्या ओळखीच्या दुकानदाराला सांगितलं, दिल, फुप्फुसं आणि नरडं सगळं जोडलेलं हवं, वरच्या नळ्या बुडापासून कापायच्या नाहीत. तो म्हणाला, "मॅडम, नळ्या कोण खाते?" मी म्हटलं, खायच्या नाहीत, शिकवायच्या आहेत. त्याला काय वाटलं कोण जाणे, पण पुढच्या वेळेपासून त्याने चांगल्या लांब नळ्या ठेवून दिल्या आणि वर पैसेही कमी घेतले.

इथे एक गंमत झाली. दुपारी माणसाच्या छातीत हात घालणारी मुलं संध्याकाळी बोकडाच्या हृदयापाशी मागे सरली. काही जण घरी पक्के शाकाहारी, काहींना तो ताजा लाल रंग सोसेना. मी कोणाला बळजबरी केली नाही. ज्यांना हात लावायचा नव्हता त्यांनी चित्रं काढली, आणि चित्रं काढणाऱ्यांना नीट पाहावंच लागतं, त्यामुळे त्यांचं काही बिघडलं नाही.

ताज्या हृदयात जे दिसतं ते फॉर्मेलिनमधल्या कडक हृदयात दिसत नाही. एओर्टाच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, तुटक्या तोंडातून हळू पाणी ओतलं की आतले तीन पडदे फुगून एकमेकांना भिडतात आणि पाणी वर तुंबतं. नुसतं एवढं पाहून एक मुलगी मोठ्याने म्हणाली, "बाप्पा, हे खरंच बंद होते!" त्याच पडद्यांच्या वर कोरोनरी आर्टरींची तोंडं. हृदयाला स्वतःचं रक्त कधी मिळतं, ते झडप मिटलेली असताना का मिळतं, हे फिजिऑलॉजीचं प्रकरण तिथल्या तिथे निघालं. वरचे कप्पे कापून टाकले, खालच्या कप्प्यात पिचकारीने पाणी सोडलं, की ट्रायकस्पिड आणि मायट्रल या झडपांचे पडदे वर येतात आणि त्यांच्या दोऱ्या ताणतात. उजव्या कप्प्यातली मॉडरेटर बँड ही स्नायूची पट्टी बोटावर घेता येते, आणि तिच्यातूनच ठोक्याचा संदेश नेणाऱ्या बंडलची उजवी फांदी जाते.

एका मुलाने एओर्टाची कमान चाचपून विचारलं, "मॅडम, इथं तीन फांद्या पाहिजे नं? एकच आहे." बरोबर होतं त्याचं. माणसाच्या कमानीवरून तीन मोठ्या फांद्या निघतात. बोकडात एकच जाड खोड निघतं आणि पुढे वाटतं. हा प्रश्न मी परीक्षेत विचारला असता तर कोणालाच आला नसता. त्याने तो स्वतः काढला.

यापुढचा भाग नाजूक होता, आणि त्यात मी सगळ्यात जास्त विचार केला. सरफेस अ‍ॅनाटॉमी म्हणजे आतलं बाहेरून ओळखायचं, आणि ते जिवंत शरीरावरच शिकायचं असतं. स्वतःच्या आणि एकमेकांच्या. गावाकडून आलेली, अजून एकमेकांची नावंही नीट न कळलेली मुलं-मुली. म्हणून नियम स्पष्ट केले. कोणावरही सक्ती नाही. हात, पाय, चेहरा यांवरच सगळ्यांसमोर काम. छाती-पोटाचं असेल तर मुलगे वेगळ्या खोलीत आणि मुली माझ्यासोबत दार लावून. फोटो कोणी काढायचा नाही. स्केचपेन निघत नाही, म्हणून सीताबर्डीवरून भुवया कोरायच्या पेन्सिली आणल्या. फॅन्सी स्टोअरवाल्याने एवढ्या पेन्सिलींचं लग्न कोणाकडे, म्हणून विचारलं.

अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट थोडं वाकवा. मधोमध एक दोरी उभी राहते, ती पाल्मरिस लाँगस. काहींच्या हातात ती नसतेच, काहींच्या एकाच हातात असते. दहा मिनिटं नुसता गलका. "माझ्या डाव्यात नाही!" असं एक मुलगा इतक्या आनंदाने ओरडला, जणू लॉटरी लागली. या दोरीच्या शेजारीच, अंगठ्याकडे, मीडियन नर्व्ह. मग कोपराच्या खळीत बायसेप्सची कंडरा चाचपा, तिच्या आतल्या बाजूला ब्रॅकियल आर्टरीचा ठोका. बीपी घेताना स्टेथोस्कोप तिथे का, हे आता सांगावं लागलं नाही.

बरगड्या मोजायला मात्र वेळ लागला. बहुतेक मुलं पहिली बरगडी शोधत बसतात, आणि ती कॉलर बोनखाली दडलेली, हाताला लागतच नाही. म्हणून छातीच्या हाडावरचा उंचवटा आधी शोधायचा, त्याच्या शेजारची ती दुसरी बरगडी, आणि तिथून खाली मोजत जायचं. हे कळल्यावर पाचव्या फटीतला हृदयाचा ठोका सापडतो. पुढे आणखी एक गोष्ट: बरगडीच्या खालच्या काठाच्या खोबणीत व्हेन, आर्टरी, नर्व्ह याच क्रमाने असतात. म्हणूनच छातीतलं पाणी काढताना सुई खालच्या बरगडीच्या वरच्या काठाला घासून घालतात. सुट्या बरगडीवर ती खोबण अंगठ्याने चाचपून मगच ते वाक्य वाचा, असं मी सांगितलं.

अल्ट्रासाउंड मला हॉलमध्येच आणायचं होतं. मनात चित्र पक्कं होतं: एका टेबलावर देह, शेजारी मशीन, दोन्हीकडे एकच मान. पण गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली सोनोग्राफीचं मशीन नोंदणीच्या जागेला बांधलेलं असतं. शिकवायला का होईना, ते ढकलत दुसऱ्या इमारतीत नेता येत नाही. कायदा ज्यासाठी आहे ते पाहता मी वाद घातला नाही. रेडिओलॉजीतल्या एका मित्राला गाठलं आणि गर्दी ओसरल्यावर मुलांच्या छोट्या तुकड्या तिकडे नेल्या.

एका इंटर्नच्या मानेवर प्रोब ठेवला. कॅरोटिड आर्टरी गोल, धडधडणारी. शेजारी ज्युग्युलर व्हेन, आणि प्रोब जरा दाबला की ती चपटी होऊन नाहीशी. इंटर्नने श्वास रोखून जोर केला, ती टम्म फुगली. मुलांपैकी कोणीतरी म्हणालं, "हे तर मामांचंच आहे." मामांनी काखेत बोटांनी दाखवलेलंच होतं, फक्त इथे रक्त वाहत होतं. परत आल्यावर मुलांनी मामांना हे सांगितलं. मामा म्हणाले, "मशीन लय महाग असंन नं?"

तिथेच मला टचस्क्रीन टेबलाचा उपयोग सापडला. सीटी स्कॅनच्या आडव्या चकत्या वाचणं मुलांना अवघड जातं, कारण चित्र पायाकडून पाहिल्यासारखं असतं, रुग्णाचा उजवा भाग आपल्या डाव्या हाताला. पडद्यावरच्या माणसाला हवा तिथे आडवा कापता येतो, पुन्हा जोडता येतो, एक इंच खाली कापता येतो. देहाच्या बाबतीत ते शक्य नाही. आता ते टेबल आम्ही फक्त चकत्यांसाठी उघडतो, आणि शेजारी लाइटबॉक्सवर खरी सीटी फिल्म लावलेली असते.

विदर्भात शिकवताना एक विषय टाळताच येत नाही, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. मांडीच्या हाडाचं डोकं शिकवायची पाळी आली तेव्हा ऑर्थोपेडिक्सच्या सहकाऱ्याने काही एक्स-रे आणून दिले, नावं झाकलेली. विशी-पंचविशीतल्या मुलांचे खुबे, हाडाचं डोकं दबून चपटं झालेलं. आधी मी सुटं फीमर, म्हणजे मांडीचं हाड, सगळ्यांच्या हातात दिलं. डोक्याखाली हाडाची मान असते, तिच्याजवळची बारीक छिद्रं शोधा. मुख्यतः मीडिअल सर्कमफ्लेक्स फीमोरल आर्टरीच्या फांद्या मानेला चिकटून वर जातात आणि तिथून आत शिरतात. वाट एवढी अरुंद आणि एकेरी. म्हाताऱ्या माणसाच्या या हाडाची मान मोडली की ती वाट तुटते. सिकलसेलमध्ये विळ्याच्या आकाराच्या पेशी आतल्या बारीक वाहिन्या तुंबवतात. दोन्हीकडे हाडाचं डोकं मरतं. प्लीहाही त्याच दिवशी घेतली, लहानपणी वाढलेली आणि पुढे आतल्या आत आकसून गेलेली. एक मुलगी एक्स-रे बराच वेळ धरून उभी होती. मग म्हणाली, आमच्या घरी एकाचं असंच झालंय, डॉक्टरांनी तेव्हा काय सांगितलं ते कोणाला कळलं नव्हतं. मी तिला दुसऱ्या दिवशी त्याच फीमरवर बाकीच्यांना डेमो द्यायला सांगितलं. माझ्यापेक्षा चांगला दिला.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवायला बोलवावं, ही कल्पना विद्यार्थ्यांचीच. अर्धी चालली. सिनियरना काय अवघड जातं ते नुकतंच भोगलेलं असतं, त्यामुळे ते नेमक्या जागी थांबतात. पण ते शेवटी नेमोनिकवर, म्हणजे पाठांतराच्या क्लृप्तीवर येतात. एखाद्या चावट वाक्याची आद्याक्षरं मुलांना आयुष्यभर आठवतात आणि ती कुठल्या क्रमाने, वरून खाली की आतून बाहेर, हे विसरायला होतं. मी सिनियरना एकच अट घातली. नेमोनिक सांगा, पण ते सांगताना बोट हाडावर किंवा देहावर असलं पाहिजे.

हाडं पिशवीत घालून नुसत्या स्पर्शाने ओळखायचा खेळ मात्र त्यांनी झकास चालवला. कापडी पिशवीत हात घालायचा, हाड कोणतं, उजवं की डावं, बाहेर न काढता सांगायचं. मनगटाची आठ हाडं यात सगळ्यात जास्त रडवतात. वाटाण्याएवढं पिसिफॉर्म ओळखता येतं, पण त्याची बाजू सांगताना भल्याभल्यांची विकेट जाते.

गुण वाढले का, असं सहकारी विचारतात. एकेक भाग संपल्यावरच्या चाचणीत, खूण केलेली रचना ओळखायच्या स्पॉटर्समध्ये, नर्व्हला आर्टरी म्हणणारे कमी झाले, एवढं मला दिसतं. त्याहून मोलाची वाटते ती टेबलाभोवतीची तिसरी रांग. ती मोडली नाही, पण आता ती भांडते. "कालपासून फोर्सेप तुझ्याकडेच आहे, आता मला दे," हे वाक्य हॉलमध्ये ऐकू येतं. मामांना त्याचा त्रास होतो, त्यांना शांतता आवडते.

काही भाग जमले. आतडं गर्भात २७० अंशांनी कसं फिरतं ते जुन्या साडीची नळी शिवून, माझा हात आतड्याची सुपीरिअर मेझेंटेरिक आर्टरी म्हणून पुढे धरून, मुलांनी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून पाहिलं. महालातल्या चितार ओळीतून मूर्तिकाराकडून माती आणून ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) आणि त्याच्या कुशीतलं पॅनक्रियाजचं (स्वादुपिंडाचं) डोकं घडवलं. हे दोन्ही पुन्हा करणार.

पेल्व्हिस, म्हणजे ओटीपोटाचा भाग, मात्र अजून सुटलेला नाही. युरेटर (मूत्रनलिका) गर्भाशयाच्या आर्टरीखालून जातं, आणि गर्भाशय काढताना सर्जनच्या हातून चुकून तेच बांधलं जाऊ शकतं, हे दोन रंगांच्या वायरी हाडाच्या पेल्व्हिसमध्ये बसवून छान दाखवता येतं. अडतं ते लिव्हेटर एनायपाशी. हा स्नायू दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून नरसाळ्यासारखा खाली उतरतो. त्याच्या वर पेल्व्हिस, खाली इस्किओएनल फॉसा हा खळगा, आणि त्या फॉसाच्या बाहेरच्या भिंतीत प्युडेंडल कॅनाल, नर्व्ह आणि रक्तवाहिन्यांचा बोगदा. वर काय आणि खाली काय, हे मुलांना चित्रात कळत नाही, आणि देहात तिथवर पोचेपर्यंत वर्ष संपत आलेलं असतं. म्हणून प्लास्टिकचा पेल्व्हिस घेऊन मी धरमपेठेतल्या शिंप्याकडे गेले. त्यात बरोबर बसेल असं कापडी नरसाळं, तळाशी तीन भोकं. त्याने पेल्व्हिस उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, हे कोणाच्या मापाचं शिवू?" पहिलं कापड ढिलं होतं, भोकांपाशी लोंबलं. आता जाड कॅनव्हास दिलाय, कडेला गोट लावून. तो सध्या त्याच्या दुकानात दिवाळीच्या ब्लाउजांखाली पडून आहे.